मयत खातेदार आणि मराठी अद्भुतकथा

2025 साली महाराष्ट्राच्या महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली. गावोगावच्या उताऱ्यांवर मयत खातेदारांची नावे तशीच राहिली होती. ती कमी करून वारसांची नावे लावायची, हा मोहिमेचा उद्देश. वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यावी, असे जमीन महसूल संहिता सांगते. गाव नमुना 6-क ही वारसांची नोंदवही त्यासाठीच आहे. तरीही कुठे भाऊबंदकी आडवी येते, कुठे थोरला मुंबईला असतो, कुठे बहिणीचे हक्कसोड राहून जाते आणि आजोबा गेल्यावर दोन-दोन पिढ्या त्यांचेच नाव चालू राहते. सोसायटीचे कर्ज, बांधाचा वाद, कोर्टाची नोटीस, भूसंपादनाचा मोबदला, सगळे त्याच नावावर. माणूस जातो, खाते जात नाही.

मेल्यानंतरही कायद्याने बांधलेला माणूस ही अद्भुतकथेला मिळू शकणारी फार मोठी कल्पना आहे, आणि ती आपल्याकडे चावडीत रोज घडते. मराठी अद्भुतकथेने मात्र मृतांकडून भीती घेतली. त्यांचा व्यवहार क्वचितच घेतला. आपल्या गोष्टीतला मेलेला माणूस झाडावर बसतो, झपाटतो, सूड घेतो. तो दावा दाखल करत नाही, पावती मागत नाही, मुदत पाळत नाही. या उणिवेमुळे आपली काल्पनिक जगे कशी विरळ राहतात, त्याचा हा आढावा.

नियमांनी बांधलेले काल्पनिक जग उभे करायचे तर लेखकाला चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. देणे कोणाचे आणि कोणाला? ते किती पिढ्या चालते? वसूल कोण करतो? आणि ते फिटते कशाने? भारतीय परंपरेने या चारही प्रश्नांवर शतकानुशतके विचार केला आहे. कर्ज बुडवणारा पुढच्या जन्मी सावकाराच्या घरी दास किंवा जनावर होऊन राबतो, असे कात्यायन सांगतो. म्हणजे वसुली जन्माच्या पलीकडे जाते. पण स्मृतिकारांनी मर्यादाही घातल्या. बापाचे कर्ज मुलाने व्याजासह फेडायचे, नातवाने फक्त मुद्दल आणि पणतूकडे वारसाची मालमत्ता आली नसेल तर त्याने काहीच नाही. दारू, जुगार आणि बाईच्या नादापायी केलेले कर्ज मुलावर येत नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ही सगळी चर्चा मांडून ठेवली आहे.

ब्रिटिश अमदानीत 1866च्या मुंबई इलाख्यातल्या कायद्याने हिंदू वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरती आवळली. 2005च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने, केवळ पुत्रधर्म म्हणून बापाचे कर्ज फेडायला लावणे पुढच्या कर्जांपुरते बंद केले. 1872च्या करार कायद्याचे 37वे कलम आजही सांगते की वचन देणारा मेला तरी ते त्याच्या प्रतिनिधींना बांधते. त्या कलमाखालची दोन उदाहरणे कथाकाराने जवळून पाहावीत. एकाने ठरल्या दिवशी माल पोचवायचे कबूल केले आणि तो आधीच मेला, तर माल वारसांनी पोचवायचा. दुसऱ्याने चित्र काढून द्यायचे कबूल केले आणि तो मेला, तर करार संपला. कारण त्याचा हात वारशात येत नाही. कोणते देणे माणसाबरोबर जळते आणि कोणते मागे उरते, याची रेघ इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी ओढली असेल.

दगडातही हे सापडते. शिलाहार आणि यादव काळातल्या गधेगळ नावाच्या दानशिळेवर वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली शापाचे शिल्प असते. दान देणारा राजा मरणार हे गृहीत धरून तो पुढच्या, अजून न जन्मलेल्या राजांना बांधून ठेवतो. मुदत चंद्रसूर्य असेपर्यंतची, आणि वसुलीचे काम शापाकडे.

ही शिदोरी कथेत उतरली की काय होते, हे वेताळ पंचविशीतल्या एका गोष्टीत दिसते. सुळावर चढवलेला चोर मरायच्या आत एका विधवेला हजार मोहरा देऊन तिच्या मुलीशी लग्न करतो. त्याची अट एकच: आपल्या नावाने मुलगा व्हावा, पिंड मिळावा. पुढे त्या मुलीला मोबदला देऊन बोलावलेल्या ब्राह्मणापासून मुलगा होतो. मुलाला मोहरांसह राजाच्या दारी ठेवले जाते आणि राजा त्याला वाढवतो. तो स्वतः राजा होऊन गयेला पिंड द्यायला जातो, तर पाण्यातून तीन हात वर येतात: चोराचा, ब्राह्मणाचा आणि राजाचा. पिंड कोणाच्या हातावर ठेवायचा? विक्रमाचे उत्तर निवाड्यासारखे आहे. ब्राह्मणाने मोल घेतले, राजाला पोसण्याचे सोने मिळाले, दोघांचेही देणे चुकते झाले. चोराने विधिवत कन्या स्वीकारली आणि याच हेतूने पैसा दिला; पिंड त्याचा. इथे भुताची भीती तिळभरही नाही. तीन मेलेले पक्षकार, एक जिवंत ऋणको आणि खांद्यावरच्या प्रेतात बसलेला सवाल करणारा आहे. चारही प्रश्नांना उत्तर मिळते म्हणून ही गोष्ट सोमदेवाच्या अकराव्या शतकापासून आजवर टिकली.

आधुनिक मराठीने हा धागा पुढे का नेला नाही? मराठी कादंबरीच्या आरंभकाळात अद्भुतरम्यतेचाच जोर होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861ची. पण वास्तववादाला मान मिळाला तशी अद्भुतकथा बालवाङ्मयात आणि रहस्यकथांच्या मांडणीवर जाऊन बसली. तिथे तिने वाचक कमावले, पण जगाचे कायदे लिहिण्याइतकी ऐसपैस जागा तिला मिळाली नाही. दिवाळी अंकातल्या दहा पानांत धक्का देता येतो, न्यायव्यवस्था उभी करता येत नाही.

नारायण धारप हे या प्रांतातले सर्वांत ताकदीचे नाव. वारशाने आलेला वाडा त्यांच्या कथांत वारंवार भेटतो. वाडा स्वीकारला की त्यातले अमंगळही गळ्यात येते, म्हणजे मालमत्ता आणि बोजा एकत्र येतात. हे वारसा कायद्याचे मूळ तत्त्व आहे आणि धारपांना ते अंतःप्रेरणेने कळले होते. पण त्यांच्या कथेत तोडगा बहुधा बाहेरून येतो. त्यांनीच निर्मिलेल्या समर्थांसारखा अधिकारी पुरुष आपल्या शक्तीने संकट परतवतो. देणे फिटत नाही, मोडले जाते. रत्नाकर मतकरींची गूढकथा मनाच्या आत शिरते. तिथले मृत माणसाच्या अपराधभावातून परततात, आणि अपराधभावाला लेखी करार नसतो. जी. ए. कुलकर्णींच्या ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ ही कथा वेगळी. वाटसरूला मठात आणून गादीवर बसवले जाते आणि पदाचे कर्तव्य त्याला गिळून टाकते. आधीचा स्वामी मेला, पद मेले नाही. संस्था माणसांपेक्षा जास्त जगते आणि तिचे देणे पुढच्या माणसाच्या देहातून वसूल करते, हे इतक्या निर्दय स्पष्टतेने मराठीत दुसऱ्या कोणी दाखवलेले मला माहीत नाही.

रंगभूमीवर हा मान सतीश आळेकरांच्या 1974च्या ‘महानिर्वाण’चा. मेलेले भाऊराव कीर्तन करत उभे राहतात आणि हट्ट धरतात की आपल्याला जुन्याच स्मशानात जाळा. ते स्मशान बंद झालेले, मुलगा अडकलेला. बापाची इच्छा आणि शहराचा नियम यांच्यामध्ये प्रेत अडते आणि नाटक पुढे सरकते ते या अडकण्याच्या जोरावर. मृताची मागणी आहे, तिच्या आड येणारा नियम आहे आणि मध्ये जिवंत वारस आहे. मराठीतली ही सर्वांत घट्ट बांधलेली अद्भुत रचना आहे, आणि नाटकवाल्यांइतकेच कथाकारांनीही तिच्याकडून शिकायला हवे.

पडद्यावर राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) हिंदीत असला तरी मातीने इथला आहे. त्यात शापित आजी वर्षानुवर्षे मरू शकत नाही. तिच्याकडून गुपित हवे असेल तर बदल्यात तिला जाळून मोकळे करायचे, असा रोखठोक सौदा होतो. हस्तर या शापित देवाकडून सोने काढण्याचेही पक्के नियम आहेत आणि शेवट त्या नियमांतूनच निघतो, म्हणून तो पटतो. उलट 2016मध्ये सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतरच्या वाटणीतून सुरेख सुरू झाली. कोकणातले घर, जमिनीचे कागद, भावांतला संशय, सगळी सामग्री होती. पण रोजच्या भागाला रोजचा धक्का हवा, त्यात मेलेल्या माणसाचा हक्क नेमका काय हे निसटत गेले.

जगात हा प्रकार पुढे गेला आहे. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये शपथ मोडलेले डोंगरातले मृत शतकानुशतके सुटत नाहीत, मूळ राजाचा वारस येऊन सेवा घेतो आणि देणे फिटल्याचे जाहीर करतो तेव्हाच त्यांची सुटका होते. शपथ वारसाकडे वर्ग होते, हा तिथला कायदा. मॅक्स ग्लॅडस्टोनच्या 2012च्या ‘थ्री पार्ट्स डेड’मध्ये तर देवच मरतो. त्याने शहराला आणि बाहेरच्या धनकोंना दिलेली वचने मात्र शिल्लक असतात आणि ती निस्तरायला वकील येतात. भारतीय न्यायालयांनी मूर्तीला कायदेशीर व्यक्ती मानून शंभराहून अधिक वर्षे झाली. देवाच्या नावाने दावे आपल्याकडे चालतात, जमिनी आपल्याकडे देवाच्या नावावर आहेत. तरी ही कादंबरी मराठीत सुचली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आता कोयनानगरकडे येतो, कारण या विषयाचे सर्वांत अवघड रूप पाटण तालुक्यात आहे. लोककथेत बहुधा ऋणको मरतो आणि देणे त्याच्या मागे लागते. कोयनेत उलटे झाले. कोयना धरण 1960च्या दशकात पुरे झाले, त्याच्या शिवसागर जलाशयाखाली शेतीवाडी आणि गावठाणे गेली. माणसे सातारा-सांगलीत, सोलापूरकडे, रायगड-ठाण्याकडे पांगली. राज्याचा पुनर्वसन कायदा आला 1976 साली, धरणानंतर. ज्यांच्या नावाने जमीन द्यायची ते खातेदार एकेक करून गेले. धरणग्रस्तांच्या संकलन यादीत त्यांची नावे राहिली आणि 2018 साली कोयनानगरला श्रमिक मुक्ती दलाच्या आंदोलनात आजोबांच्या वाट्याची जमीन मागायला नातवंडे बसली. इथे धनको मरतो आणि ऋणको असलेले शासन मरत नाही. न मरणाऱ्या ऋणकोला कोणती घाई असणार? काळ त्याच्या बाजूने आहे. दर पिढीला धनको वाढतात, हिस्से बारीक होतात, कागद जीर्ण होतात. सूडकथेतल्या कोणत्याही भुतापेक्षा हे भयंकर आहे आणि आपल्या अद्भुतकथेत या मेलेल्या धनकोला अजून पात्रच नाही.

विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने धरणग्रस्तांचे वास्तव ताकदीने मांडले. पण वास्तववादी कादंबरीत मेलेला माणूस बोलू शकत नाही, आणि या प्रकरणातला मुख्य पक्षकार मेलेला आहे. त्याला उभे करून बोलते करणे हे अद्भुतकथेलाच जमेल. साहित्य तर समोर पडले आहे. भर उन्हाळ्यात शिवसागराचे पाणी उतरते आणि जुन्या वस्त्यांचे अवशेष वर येतात. मृतांची कचेरी भरण्याचा हंगाम लेखकाला आयता मिळतो. देव उठून नव्या गावठाणात गेले, पण आजीने बोललेला नवस जुन्या जागेच्या देवापुढचा. तो नातवाने कुठे फेडायचा? जमीन बुडाली तर बांधाचा वाद बुडतो का? 11 डिसेंबर 1967च्या पहाटेच्या भूकंपात जे गेले, त्यांनी हातउसने दिलेले कोणाकडून येणार? या प्रत्येक प्रश्नाला त्या जगाचा स्वतःचा कायदा लागेल, आणि तो लिहिणे हेच जग उभारण्याचे खरे काम आहे.

एक धोका सांगितला पाहिजे. मृतांची देणी दाखवताना भार नेहमी दुबळ्यावर टाकायची कथेची खोड जुनी आहे: मुलाने फेडावे, विधवेने झिजावे, सुनेने शाप भोगावा. स्मृतिकारांनीही मुलाला मर्यादा दिली होती. कथाकाराने त्यांच्यापेक्षा कठोर होऊ नये. शिवाय विस्थापितांचे दुःख गूढ वातावरणासाठी उसने घ्यायचे असेल तर न लिहिलेले बरे. ज्याच्या जगात मेलेल्या धनकोला दाद मागायला जागा असेल, त्यानेच कोयनेवर लिहावे.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना विनंती आहे: अद्भुतकथेला दहा पानांऐवजी चाळीस पाने द्या आणि लेखकाला जगाचे नियम लिहू द्या. नव्या लेखकांना सांगणे एवढेच, की परक्या कादंबऱ्यांतले ड्रॅगन आणि किल्ले उचलण्याआधी आपल्या गावच्या तलाठ्याकडे जा, एक जुना फेरफार मागा आणि तो पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचा.