‘स्टिल फेस’: व्हिडिओ शेवटपर्यंत बघा

एडवर्ड ट्रॉनिक यांच्या ‘स्टिल फेस’ प्रयोगाचा व्हिडिओ तुम्हालाही कुणीतरी पाठवला असेल. खेळताखेळता आई चेहरा निर्विकार करते. बाळ हसून, बोट दाखवून तिला बोलावतं, शेवटी रडतं. प्रयोग उत्तम आहे, पण त्याचा वापर होतो तो नव्या आईबाबांना घाबरवायला: फोन बघितलात, झालं बाळाचं नुकसान!

तिसरा टप्पा मात्र सगळे विसरतात. आई परत हसते, बाळ सावरतं. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणांनुसार रोजच्या खेळातही दोघांचे सूर साधारण ३० टक्के वेळच जुळतात. बाकी चुकामूक, आणि पुन्हा जुळवून घेणं. बाळ शिकतं ते त्यातूनच.

परदेशात, आजी जवळ नसताना, रात्री तीनला दमून बसला असाल तर एवढं लक्षात असू द्या. दीर्घकाळचं नैराश्य वेगळं. त्यासाठी मदत जरूर मागा.