काकांच्या घरी आलेला कुंभार

तेरणेच्या काठी, तेर गावी, दर चैत्र वद्यात गोरोबाकाकांची यात्रा भरते. शके 1239 च्या चैत्र वद्य त्रयोदशीला काकांनी तेथे देह ठेवला. धाराशिव जिल्ह्यात वाढलेल्या वारकऱ्याला काकांचे चरित्र पाठ करावे लागत नाही, ते आजीच्या मांडीवरच कानी पडते. मीही सप्ताहांतून ते अनेक वर्षे सांगितले. आता गळा साथ देत नाही, म्हणून ऐकायला बसतो. ऐकताना जाणवते की हे चरित्र सांगण्यात आम्हा कीर्तनकारांची एक चूक होत आली आहे. ती माझ्याकडूनही झाली, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

चरित्र आपणां सर्वांना ठाऊक आहे, तरी क्रम लक्षात घ्यावा. भजनात देहभान हरपलेल्या काकांच्या पायांखाली, चिखलात, तान्हे मूल तुडवले गेले. संतीने विठोबाची शपथ घातली की मला शिवू नका. काकांनी ती पाळली. वंश चालावा म्हणून संतीने आपली धाकटी बहीण रामी सवत करून आणली. सासऱ्याने सांगितले, दोघींना सारखेच वागवा. मग तीच शपथ रामीलाही लागू झाली. पुढे झोपेत हातांकडून शपथ मोडली, म्हणून काकांनी ते हातच तोडले. कुंभाराचे हात गेले, चाक थांबले. तेव्हा पांडुरंग रुक्मिणीसह कुंभाराच्या वेषात तेरला आला आणि काकांच्या घरी राबू लागला. शेवटी पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात काकांना हात फुटले आणि मूलही परत मिळाले. महिपतीबुवांनी शके 1684 मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’मुळे ही कथा गावोगावी पोचली.

आता आपले सांगणे पाहा. मूल तुडवले जाते तेथे आपण श्रोत्यांना रडवतो. हात फुटतात तेथे पखवाज चढा लागतो, टाळकरी उभे राहतात, विठ्ठलनामाचा गजर होतो. या दोहोंच्या मधला भाग, म्हणजे देव काकांच्या घरी मडकी घडवत होता तो काळ, आपण दोन वाक्यांत उरकतो. मग ऐकणाऱ्याच्या मनात काय उरते? विश्वास ठेवला की गेलेले सारे एके दिवशी परत मिळते, एवढेच.

2013 सालच्या दुष्काळात, छावण्या चालू असताना, एका गावी मी असेच रंगवून सांगितले. कीर्तन संपल्यावर एक शेतकरी पाया पडला आणि हळूच म्हणाला, “महाराज, काकांचे हात आले. माझी बैलजोडी बाजारात गेली, ती कधी येईल?” मी म्हणालो, “विश्वास ठेवा.” तो मान हलवून गेला. पुढच्या वर्षी त्या गावी गेलो तेव्हा कळले, तो बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला गेला होता आणि रान पडीक होते. माझे उत्तर शास्त्राला धरून होते, पण त्याच्या कामाचे नव्हते. उत्तर त्याच चरित्रात होते, मी उरकलेल्या त्या मधल्या भागात.

त्या भागात काय आहे? पहिली गोष्ट, देवाने आधी पंचनामा केला नाही. काकांची विपत्ती काही अंशी त्यांच्या स्वतःच्या हट्टाने ओढवली होती. तरीही, कोणी सांगितले होते हात तोडायला, असे देव विचारत नाही. आपण मात्र कर्जात बुडालेल्याला आधी विचारतो, लग्नात एवढा खर्च कशाला केला? बोअर कशाला घेतलास?

दुसरी गोष्ट, देवाने सोन्याची रास ओतली नाही. त्याला काय अशक्य होते? पण जे थांबले होते तेच त्याने चालू केले. माती तुडवली, चाक फिरवले, आवा लावला. काकांजवळ जे नव्हते, म्हणजे हात, तेच देव झाला.

तिसरी गोष्ट, त्या घरात संती आणि रामी होत्या. त्यांनी हात तोडायला सांगितले नव्हते, पण चूल त्यांचीच विझणार होती. देवाने भक्ताची निष्ठा तर पाहिलीच, त्या निष्ठेची झळ ज्यांना लागली त्यांचेही पोट पाहिले. आपण कीर्तनात काकांचे वैराग्य वाखाणतो, पण या दोघींच्या भुकेचा उच्चार करत नाही. देवाला तिचा विसर पडला नव्हता.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत भक्ताच्या योगक्षेमाची हमी घेतात. नाही ते मिळवून देणे हा योग, आहे ते राखणे हा क्षेम. तेथे ज्ञानोबामाउलींनी पंख न फुटलेल्या पिल्लांसाठी जगणाऱ्या पक्षिणीचा दृष्टांत दिला आहे. पक्षीण घरट्यात बसून आशीर्वाद देत नाही, ती दाणा टिपायला रानोमाळ हिंडते. पिल्लाकडे काम एकच, चोच उघडण्याचे. काकांनीही तेवढे केले. दारी आलेल्या परक्या कुंभाराला, माझा देव पाहून घेईल, असे म्हणून परत पाठवले नाही. देवावर भार टाकणे म्हणजे मदत नाकारणे, अशी एक समजूत आपल्यात आहे. तिला या चरित्रात आधार नाही. तोंड दाबून उपास काढणे हा पुष्कळदा अभिमान असतो, विश्वास नव्हे.

कोणी म्हणेल, मग माणसांनीच करायचे तर देव कशाला? आणि एखाद्याच्या दारी कोणीच आले नाही तर? ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. देहूच्या त्या घरी कोणी वेषधारी धान्याची गोणी घेऊन आला नाही. विश्वास ठेवा म्हणजे घर भरेल, हे वचन तुकोबांच्या वाट्याला खरे ठरले नाही, तर ते आपण कोणाला द्यावे? परंतु त्याच तुकोबांनी पुढे आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. ज्या कुळांच्या गळ्याशी ती खते आली होती, त्यांच्या दारी त्या दिवशी देव कोणत्या रूपाने आला, हे सांगायला नको. ज्याला मिळाले नाही, तोच इतरांसाठी देवाचे हात झाला. मला तरी हाच मोठा चमत्कार वाटतो. देव कशाला, याचे उत्तरही येथेच आहे. देवाच्या नावाने केलेल्या मदतीत देणारा ताठत नाही आणि घेणारा वाकत नाही. वेष विठोबाचाच असतो.

आपल्या बापजाद्यांना हे कळत होते. ज्याचे बैल गेले त्याच्या रानात सारा गाव औते घेऊन इर्जिकीला उतरत असे. त्या रात्री त्या शेतकऱ्याचा प्रश्न ऐकून मी पुन्हा उभा राहिलो असतो आणि मंडपातल्या लोकांना, उद्या याच्या रानात किती औते येतील, असे विचारले असते, तर चरित्र पुरे झाले असते. मी नारळ घेऊन घरी आलो.

2025 च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने परंडा भागात उभी पिके गेली, जमिनी खरडून गेल्या. पायाखालची मातीच गेलेल्यांना विश्वास ठेवा म्हणून सांगायला आपले तरुण कीर्तनकार आता उभे राहतील. त्यांना हात जोडून विनंती आहे. काकांचे चरित्र जरूर सांगा, हात फुटले तेथे गजरही करा. पण त्याआधी देवाला काकांच्या अंगणात थोडा वेळ माती तुडवू द्या. आणि कीर्तन संपल्यावर कोणी हळूच काही विचारायला आला, तर निघण्याची घाई करू नका.

रामकृष्णहरी.