अक्षरे ग्रीक, भाषा प्राकृत

खानदेशात जुन्या चांदीच्या नाण्यावर ग्रीक अक्षरे दिसली, की 'इथे ग्रीकांचे राज्य होते' असा निष्कर्ष लगेच निघतो. धुळ्यातल्या एका व्याख्यानात मीही तेच बोललो होतो. चूक माझीच होती.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला शक क्षत्रप नहपानाची १३,०००हून अधिक नाणी सापडली. त्यांच्या एका बाजूला मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसरीकडे बाण, वज्र, ब्राह्मी व खरोष्ठी लेख. पण ती ग्रीक अक्षरे वाचली, तर शब्द प्राकृतच निघतात: 'राजा क्षहरात नहपान'.

मग ही लिपी का? भडोच बंदरात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्रम्म अजून चालतात, असे 'पेरिप्लस'कार लिहितो. व्यापाऱ्याच्या डोळ्याला सरावलेला छाप नहपानाने उचलला असावा, असे मला वाटते. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ही अक्षरे निरर्थक नक्षी होऊन उरली. तरी ती काढली नाहीत. गौतमीपुत्र सातकर्णीनेही या साठ्यातली नऊ हजारांवर नाणी न वितळवता त्यांवर आपला छाप मारला.

नहपानाचा जावई उषवदात याने तापीवर फुकट नावा ठेवल्याचे नाशिकच्या लेण्यातला लेख सांगतो. म्हणजे हा पैसा आपल्या नदीलाही परका नव्हता. पण त्याने सिद्ध होतो तो व्यापार, ग्रीक राज्य नव्हे. आता कोणी नाणे दाखवले, की लिपी कोणती याआधी मी भाषा कोणती हे विचारतो.