वारसाचा दावा आणि अवशेषाची साक्ष

दिल्लीच्या मालचा महालाची कथा चेन्नईतील अमीर महालाशेजारी ठेवून वाचली, तर तिच्यावरील गूढतेचे आवरण बरेचसे विरते. ऑक्टोबर १८५५ मध्ये अर्काटचे नवाब गुलाम घौस खान व तंजावरचे दुसरे शिवाजीराजे हे दोघेही पुत्रसंततीविना वारले. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवधही खालसा झाले. अर्काटच्या घराण्याला १८६७ मध्ये ‘प्रिन्स ऑफ अर्काट’ हे पद मिळाले. अमीर महालामागे सनदेचा हा आधार आहे. तंजावरच्या राणी कामाक्षीबाईंनी जप्त मालमत्तेसाठी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा जिंकला. मात्र १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय फिरवला. जप्ती न्याय्य होती, असे कौन्सिलने म्हटले नाही. सार्वभौम सत्तेची कृती न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, एवढेच म्हटले.

मालचा महाल ही फिरोजशाह तुघलकाच्या काळातील, चौदाव्या शतकातील शिकारगाह. अवधचा वारसा सांगणाऱ्या बेगम विलायत महल नवी दिल्ली स्थानकाच्या प्रतीक्षागृहात अनेक वर्षे ठाण मांडून होत्या. १९८५ मध्ये त्या मुलांसह या वीज-पाणी नसलेल्या अवशेषात राहायला आल्या. तुघलकी वास्तूचा अवधशी काडीचा संबंध नव्हता. तरीही परदेशी वार्ताहरांच्या लेखनात ढासळत्या भिंतीच वंशावळीचे काम करू लागल्या. विलायत १९९३ मध्ये व शेवटचे रहिवासी, त्यांचे पुत्र, २०१७ मध्ये निवर्तले. एलन बॅरी यांनी २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हा दावा निराधार असल्याचे दाखवले: विलायत या लखनौ विद्यापीठाच्या एका निबंधकाच्या विधवा होत्या.

बॅरी यांचा शोध कष्टपूर्वक केलेला आहे, याविषयी दुमत नसावे. तथापि त्याची घडण रहस्यकथेची आहे, आणि रहस्यकथेत खरे नाव कळले की वाचकाचे कुतूहल शमते. प्रस्तुत लेखकाला इथेच थांबणे अपुरे वाटते. कामाक्षीबाईंचे वैधव्य व राणीपद निर्विवाद होते, तरी कौन्सिलपुढे त्या हरल्या. विलायत यांच्यापाशी मान्य वंशावळ नव्हती, तरी स्वतंत्र भारताच्या सरकारकडून त्यांना एक वास्तू मिळाली. तेव्हा दाव्याचे खरेखोटेपण ही एक बाब आणि त्याची परिणामकारकता ही दुसरी. विलायत यांची भाषा कैफियतीची होती. मालमत्तेपेक्षा अपमानाची भरपाई तिला हवी होती. फाळणीत झालेल्या परवडीचे जे तपशील बॅरी यांनीच दिले आहेत, ते ‘तोतयेगिरी’ या शब्दात मावत नाहीत. स्वतःचे विस्थापन सांगण्यासाठी या स्त्रीला शंभर वर्षांपूर्वीचे दुसऱ्याचे राज्य उसने घ्यावे लागले.