नव्या नावांचे अर्थ

मुलांची नावे हा वाङ्मयसमीक्षेचा विषय आहे काय, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर होकारार्थी आहे. उभ्या हयातीत एक ओळही न लिहिणारा मनुष्य आयुष्यात एकदोनदा तरी शब्दाची निवड करतो, तो पुनःपुन्हा उच्चारून पाहतो, त्याचा अर्थ विचारतो आणि मग तो कायमचा लोकांच्या हवाली करतो. तो प्रसंग म्हणजे अपत्याचे बारसे. काचीगुड्याच्या एका शाळेत मुख्याध्यापक या नात्याने दर जून महिन्यात प्रवेशपुस्तक पुढे ओढताना अशा कितीतरी निवडी आमच्या नजरेखालून जातात. अलीकडे त्या पुस्तकात कुलकर्णी, जाधव, देशपांडे या आडनावांच्या आधी आरव, कियान, रेयांश, मायरा, शनाया अशी नावे येऊन बसली आहेत.

नावे नवी आहेत ही आमची तक्रार नव्हे. प्रत्येक जुने नाव केव्हातरी नवे होतेच. ‘ययाति’ (१९५९) आणि ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबऱ्या घरोघर वाचल्या गेल्यानंतर देवयानी आणि वृषाली या हाका ज्या घरांतून ऐकू येऊ लागल्या, ती घरे आम्ही पाहिली आहेत. अमेरिकेत तर १९८४ च्या ‘स्प्लॅश’ या चित्रपटातील मत्स्यकन्येने न्यूयॉर्कच्या एका रस्त्याची पाटी वाचून ‘मॅडिसन’ हे नाव घेतले, आणि पुढे ते तेथील मुलींच्या अत्यंत लोकप्रिय नावांत गेले. नावाच्या शेवटी ‘मुलगा’ या अर्थाचा शब्द आहे, याची फिकीर कोणी केली नाही.

आमची तक्रार आहे ती नावांसोबत येणाऱ्या अर्थांविषयी. हे अर्थ आईबापांना याद्यांतून मिळतात. पूर्वी अशा याद्या स्वस्त पुस्तकांत असत, आता त्या भ्रमणध्वनीवर फिरतात. त्यांचा कर्ता कोण हे कोणास ठाऊक नसते. पण अर्थ मात्र ठामपणे दिलेला असतो आणि तो बहुधा संस्कृत म्हणून दिलेला असतो. ‘आरव’ म्हणजे ‘शांत’, असे एक यादी सांगते. ‘रव’ म्हणजे आवाज, हे ‘कलरव’ शब्द ठाऊक असलेल्या कोणासही कळेल. संस्कृत कोशांत ‘आरव’ म्हणजे ध्वनी, आरडाओरड. अर्थ नेमका उलटा झाला! ‘रेयांश’मधील ‘अंश’ आम्ही ओळखतो, पण ‘रे’ कोठला? यादीत ‘प्रकाशकिरणाचा अंश’ असे वाचले, तेव्हा हा ‘रे’ इंग्रजीतील किरण असावा असा आम्हांस दाट संशय आला. त्याचा भाऊ शोभणारा ‘श्रेयांश’ हा तर ‘श्रेयांस’ या शब्दाचे बिघडलेले रूप होय. श्रेयांसनाथ हे जैनांचे अकरावे तीर्थंकर.

‘कियान’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. यादी त्याचा अर्थ ‘ईश्वराची कृपा’ असा देते. वस्तुतः हा शब्द फारसी आहे. ‘शाहनाम्या’तील कयानी राजघराण्याशी त्याचे नाते आहे आणि ‘कै’ म्हणजे राजा. ज्या शहरात १९१८ साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथील मराठी माणसाने आपल्या नातवाच्या नावातील फारसी ओळखू नये, याचे आम्हांस वैषम्य वाटते. आपल्या पूर्वजांना फारसीचे वावडे नव्हते. शहाजी, पिराजी, सुलतानजी ही नावे त्यांनी राजरोस घेतली, त्यांना ‘जी’ जोडला आणि ती अशी मराठी करून टाकली की आज त्यांचे मूळ सांगावे लागते. उसनवारी त्यांनीही केली. पण उसन्या नावाला खोटी वंशावळ चिकटवली नाही.

‘मायरा’ हे नाव सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल याने आपल्या कवितेसाठी घडविले, असे मानतात. कवीने घडविलेले नाव वाईट कसे म्हणावे? परंतु त्याला ‘लाडकी’ या अर्थाचा संस्कृत शब्द म्हणून खपविले जाते. गंमत अशी की, आमच्या शेजारच्या मारवाडी कुटुंबांत ‘मायरा’ म्हणजे भाच्याच्या लग्नात मामाने बहिणीकडे नेलेला आहेर. त्या बिचाऱ्यांना वर्गातील मुलीचे नाव ऐकून साड्या आणि दागिने आठवत असतील.

याच्या उलट अमेरिकेतील ‘नेवेआ’ हे नाव पाहावे. स्वर्गवाचक ‘हेवन’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत उलट्या क्रमाने लिहिला की हे नाव तयार होते. २००० साली एका गायकाने दूरचित्रवाणीवर आपल्या मुलीचे हे नाव सांगितले, दुसऱ्याच वर्षी ते तेथील मुलींच्या पहिल्या हजार नावांत आले, आणि काही वर्षांत पहिल्या शंभरांत. रसिकतेच्या दृष्टीने आम्ही त्याला फारसे गुण देणार नाही. पण ते नाव प्रामाणिक आहे. आपण कालपरवा जन्मलो हे ते लपवीत नाही, आणि अक्षरओळख असलेले मूल त्याचा अर्थ स्वतः शोधू शकते.

येथे आमचाही एक अपराध सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात आम्ही मुलांना आपापल्या नावांचे अर्थ विचारले. एका आरवने ‘शांत’ असे उत्तर दिले. आम्ही कोशाच्या अभिमानाने त्याची चूक दुरुस्त केली. वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून सोबती त्याला ‘गलबल्या’ म्हणू लागले. आठवड्याने त्याचे आजोबा भेटीस आले. ते म्हणाले, “सर, अर्थ कोशात पाहिला नाही ही आमची चूक. तो भर वर्गात सांगितलात ही तुमची.” आम्हांजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

नावाचा अर्थ ही क्षुल्लक बाब असती तर तो मुलगा रडला नसता. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुसा’ हे नाव वागविणाऱ्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ते नाव त्यांना का बोचत होते? ते सर्वांना समजत होते म्हणून. त्या शब्दात मराठी पुरती जिवंत होती आणि म्हणूनच तो क्रूर होता. काचीगुड्यातील आमच्या मुलांची स्थिती निराळी आहे. ती इंग्रजीत शिकतात, रस्त्यावर तेलुगू आणि दखनी बोलतात; मराठी उरते ती स्वयंपाकघरात आणि आजीच्या खोलीत. अशा मुलाला ‘तुझ्या नावाचा अर्थ काय?’ असे परका मनुष्य विचारतो, तेव्हा आपल्या भाषेविषयी चारचौघांत बोलण्याची त्याची ती बहुधा पहिलीच वेळ असते. त्या वेळी त्याच्या तोंडी खोटा शब्द देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

अमेरिकेत स्थायिक झालेली मुले येथल्या आईला दूरध्वनीवर सांगतात, ‘आई, तिकडच्या लोकांना उच्चारता येईल असे दोन अक्षरी नाव सुचव.’ ही मागणी आम्हांस मुळीच गैर वाटत नाही. उमा, नील, मीरा, रमा ही नावे कोठेही उच्चारता येतात. आणि कियानच हवे असेल तर कियान ठेवावे. पाळण्याजवळ आत्याने ते मुलाच्या कानात सांगितले की ते आपले झाले. फक्त त्याचा फारसी अर्थ घरात सर्वांना ठाऊक असावा.

याद्या करणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. प्रत्येक नावापुढे अर्थाच्या आधी भाषेचा रकाना ठेवावा. ‘विहान’पुढे हिंदीच्या बोलींतील ‘बिहान’, म्हणजे पहाट, असे निःशंकपणे लिहिता येईल. ‘शनाया’ची ‘सूर्याचा पहिला किरण’ ही फोड आम्हांस संस्कृतात कोठे सापडली नाही. २०१२ च्या एका हिंदी चित्रपटात आणि नंतर एका मराठी मालिकेत मात्र ती सापडते. तिच्यापुढे तेवढेच लिहावे, आणि अर्थाचा रकाना कोरा ठेवावा.