कांटचा राजवाडा

मराठी समीक्षेत कांटचे नाव बहुधा एकाच शब्दाच्या आधारे घेतले जाते. तो शब्द म्हणजे तटस्थता. सौंदर्यानुभव तटस्थ असतो, म्हणून कलाकृतीला जीवनातले प्रश्न विचारू नयेत, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. आणि ज्यांना असे प्रश्न विचारायचे असतात ते कांटलाच प्रतिपक्ष ठरवून मोकळे होतात. रा. भा. पाटणकरांच्या 'कांटची सौंदर्यमीमांसा'नंतर तरी ही सोय उरायला नको होती.

मुळात शब्दच दिशाभूल करणारा आहे. संस्कृत काव्यशास्त्रात ताटस्थ्य ही रसप्रतीतीतील अडचण आहे. रस परक्याचा म्हणून, तटस्थपणे प्रतीत होतो ही कल्पना भट्टनायकाने नाकारली. कांटला अभिप्रेत असलेली गोष्ट वेगळी आहे. 'क्रिटीक ऑफ जजमेंट'मध्ये (१७९०) तो 'इंटरेस्ट'ची व्याख्या करतो ती वस्तूच्या अस्तित्वाच्या कल्पनेशी निगडित असलेले सुख अशी. अभिरुचीच्या निर्णयाचा आधार असे सुख नसते, एवढेच त्याचे म्हणणे. रसिकाने थंड असावे असे तो म्हणत नाही. उलट, निर्णय एकदा झाल्यावर त्याच्याशी हितसंबंध जोडला जाऊ शकतो, हे ४१ व ४२ या कलमांत तो स्वतःच मांडतो. निसर्गसौंदर्याविषयीची थेट आस्था तर त्याला सद्वृत्त मनाची खूण वाटते.

वादाचे खरे मूळ दुसऱ्या कलमातील राजवाड्याच्या उदाहरणात आहे. राजवाडा सुंदर आहे काय, या प्रश्नाला तेथे निरनिराळी उत्तरे येतात. पॅरिसमध्ये खाणावळींखेरीज काहीच न आवडलेल्या इरोक्वॉय सरदाराचे एक. आणि रूसोच्या थाटात, जनतेचा घाम असल्या अनावश्यक गोष्टींवर उधळणाऱ्या बड्यांच्या मिजाशीचा धिक्कार करणारे दुसरे. हे सारे मान्य करता येईल, पण प्रश्न तो नाही, असे कांट म्हणतो. येथे वाचणे थांबवले तर कलावाद्यांना हवा तो कांट हाती लागतो.

परंतु १६व्या कलमात हाच राजवाडा पुन्हा भेटतो. तेथे कांट मुक्त आणि परायत्त असे सौंदर्याचे दोन प्रकार करतो. मुक्त सौंदर्याच्या यादीत फुले, पोपट, शिंपले, भिंतीवरच्या कागदावरील वेलबुट्टी आणि शब्दविरहित संगीत आहे. (त्या यादीत कविता नाही, याकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.) राजवाडा मात्र माणूस, घोडा, चर्च आणि शस्त्रागार यांच्या पंक्तीत, म्हणजे परायत्त सौंदर्यात बसतो: ती वस्तू काय असायला हवी याची संकल्पना तेथे गृहीत असते. मग राजवाडा कसा असावा, कोणासाठी असावा, हा प्रश्न सौंदर्यनिर्णयाच्या बाहेर ठेवता येईल काय? दुसऱ्या कलमात बाहेर काढलेला रूसो १६व्या कलमाच्या दाराशी उभा आहे. कांटने दार उघडले नाही, हे खरे. पण ते त्यानेच ठेवले आहे.

शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात आनंदाधिष्ठित सौंदर्यविचार नाकारला. त्या नकाराला कांटपुरते उत्तर द्यायचे तर हितसंबंधरहिततेचा बचाव करून भागणार नाही. बचाव करणे अवघड नाही, पण तो मुद्द्याला भिडत नाही. मुद्दा पाचव्या कलमात आहे. भूक हा सर्वांत चांगला आचारी, भुकेल्याला काहीही रुचते, म्हणून गरज भागल्यानंतरच कोणाला अभिरुची आहे आणि कोणाला नाही हे कळते, असे कांट तेथे सहज, जाता जाता म्हणून जातो. अभिरुचीचा निर्णय सर्वांच्या संमतीवर हक्क सांगतो, हा त्याचा मुख्य सिद्धांत. त्या 'सर्वां'मध्ये ज्यांची गरज भागलेली नाही त्यांची संमती कशी मोजायची, याचा विचार पाचव्या कलमात नाही, आणि पुढेही नाही. खाणावळीसमोर उभ्या असलेल्या त्या सरदाराला कांट काही विचारत नाही. त्याचा केवळ दाखला देतो.