‘हिशोकु’ : नामकरणाचा प्रश्न

जपानी भाषेत ‘योमे’ म्हणजे नववधू आणि सूनही. स्त्री ज्या घरात जाते, त्या घराच्या नात्याने हा शब्द तिला ओळखतो. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी सैनिकांशी विवाह करून देश सोडणाऱ्या स्त्रियांना ‘सेन्सो हानायोमे’, म्हणजे युद्धवधू, हे नाव मिळाले, तेव्हा सासरच्या जागी युद्ध आले. अशा ४०,०००हून अधिक स्त्रिया अमेरिकेत गेल्या. मायदेशी हे नाव बहुधा हेटाळणीनेच उच्चारले गेले. आरियोशी सावाको (१९३१–१९८४) यांच्या ‘हिशोकु’ (१९६४) या कादंबरीचा विचार म्हणूनच या नामकरणापासून आरंभणे इष्ट होय.

कादंबरीची निवेदिका एमिको टोकियोत टॉम या कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकाशी विवाह करते व पुढे न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीत येते. टोकियोत टॉम जेत्यांपैकी एक. हार्लेममध्ये तो रुग्णालयातील रात्रपाळीचा अल्पवेतनी सेवक. वर्ण तोच, स्थान मात्र पालटले. उलटपक्षी, रेइको या दुसऱ्या वधूचा पती दिसण्यात गौरवर्णीय. परंतु तो प्वेर्तो रिकोचा असल्याने कृष्णवर्णीयही त्याला हीन लेखतात. रेइकोचा शेवट आत्महत्येत होतो. तुच्छतेचे मूळ रंगात नसून आपल्याखाली कोणीतरी असावे या गरजेत आहे, हा लेखिकेचा सिद्धान्त या दोन उदाहरणांनी उभा राहतो.

शीर्षकाचा आशयही हाच. ‘हि’ हा नकार. ‘शोकु’ म्हणजे रंग. मराठीत त्याला ‘अवर्ण’ म्हणावे, तर अडचण उद्भवते. आपल्याकडे वर्ण हा शब्द रंगाचा तसाच चातुर्वर्ण्याचाही वाचक आहे आणि अवर्ण म्हणजे त्या व्यवस्थेबाहेरचा. जी उतरंड रंगापासून विलग करून दाखविण्याचा लेखिकेचा यत्न आहे, तीच आपल्या शब्दात रंगाशी एकजीव झालेली आहे.

कृती निर्दोष नाही. प्रसंगांनी जे सिद्ध झाले तेच एमिको पुन्हा विधानरूपाने सांगत राहते, आणि टॉमचे अंतरंग वाचकास फारसे उमगत नाही. तथापि अखेरीस ती स्वतःला त्या काळी रूढ असलेल्या ‘नीग्रो’ या शब्दाने ओळखते, तेव्हा हे दोष गौण ठरतात. रंगाने ती नीग्रो नाही. म्हणूनच शीर्षकातील नकार येथे सार्थ होतो. ‘युद्धवधू’ हे इतरांनी दिलेले नाव तिला युद्धाशी बांधत होते. तिने स्वतः स्वीकारलेले नाव तिला पती, मुले आणि शेजारी यांच्याशी जोडते.